शनीच्या वाटेवर

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहुरी लागते. ऊस, मुळा नदी, तिच्यावरचे धरण आणि १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ ही या गावाची खरी मिळकत. पण परगावच्या माणसाला राहुरी म्हणजे शिंगणापूरच्या वाटेवरचे ठाणे. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मीही शनीसाठीच तिकडे गेलो. फरक इतकाच, की माझ्या सामानात तेलाची बाटली नव्हती, दुर्बीण होती.

मराठीच्या प्राध्यापकाने दुर्बीण घ्यावी, याची आमच्या कॉलेजात पुष्कळ थट्टा झाली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून अशाच हौशी मंडळींच्या बळावर चालली आहे, एवढाच काय तो मला धीर. घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. 'सहाशे पट मोठे दिसेल' या जाहिरातीला भुलू नये. दुर्बिणीची ऐपत पुढच्या भिंगाच्या रुंदीवर ठरते. माझे भिंग ७० मिलिमीटरचे. त्याच्या दुप्पट, म्हणजे १४० पटींच्या पुढे, चित्र मोठे होते पण पुसट. भिंगाचे नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्याला नेत्रिकेवरच्या आकड्याने भागावे. २५ ची नेत्रिका लावली तर २८ पट, १० ची लावली तर ७० पट. तिपाई मात्र भक्कम हवी. नाहीतर वाऱ्याच्या झुळुकीसरशी अख्खे आकाश थरथरते. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये. डोळा कायमचा जातो.

थोरल्या बहिणीचा, अक्काचा, मळा गावापासून दूर आहे. तिथे दिवे मालवून वीस मिनिटे नुसते बसलो, तेव्हा कुठे डोळे अंधाराला सरावले. उत्तरेला ध्रुव दिसला, क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. हात लांब केला की मूठ सुमारे दहा अंश भरते, आणि राहुरीचे अक्षांश एकोणीसच्या वर थोडे. आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत हे ध्रुव असा फुकट सांगतो.

अक्काच्या घरात त्या वेळी एक पेच होता. कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्या भाच्याला दोन एकरांत डाळिंब लावायचे होते. त्याची रास कुंभ, शनीही कुंभेत, साडेसाती ऐन मध्यावर. अक्का म्हणे, "सरू दे, मग खड्डे घे." पोरगा म्हणे, "तोवर मी पुण्याला नोकरी धरतो." जेवताना मायलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

मी दुर्बीण शनीवर लावली आणि भाच्याला हिशेब मांडून दाखवला. शनीला सूर्याभोवती एक फेरा घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षे आणि तीन राशींत साडेसात. साडेसाती म्हणजे त्याच्या संथ चालीचे माप. अक्का लांब उभी राहून ऐकत होती. शेवटी पदर सावरून पुढे आली, डोळा लावला आणि कितीतरी वेळ हललीच नाही.

"अगं बाई, खरंच कडं आहे की रे! कुणी चित्र तर नाही ना चिकटवलं?"

मग म्हणाली, "सरकला! गेला!" पृथ्वी फिरते म्हणून ग्रह दोन-तीन मिनिटांत भिंगाबाहेर जातो, हे मी सांगितले. तिने पाहिलेला प्रकाश शनीवरून सव्वा तासापूर्वी निघाला होता, हेही सांगितले.

अक्काने हात जोडले. श्रद्धा काही कुठे गेली नाही, आणि जावी असा माझा हट्टही नव्हता. शिंगणापूरचा देवही उघड्या चौथऱ्यावर, डोक्यावर छप्पर न घेता उभा आहे. तोही आकाशाखालचाच. पण परतताना ती मुलाला म्हणाली, "तो त्याच्या वाटेनं चाललाय. तू तुझे खड्डे घे."

त्या रात्री आम्ही पाहिलेली कडी बरीच अरुंद होती. २३ मार्च २०२५ ला तर त्यांची कडच आपल्याकडे वळली. १६१० साली गॅलिलिओला शनीला कान असल्यासारखे दिसले होते. १६१२ मध्ये असेच ते नाहीसे झाले आणि तो बुचकळ्यात पडला. ती कडी आहेत, हा उलगडा पुढे हायगेन्सने केला. २०३२ च्या सुमारास ती सर्वांत रुंद दिसतील. तोवर डाळिंबेही भरात आली असतील. राहुरीला पुन्हा पुन्हा जायला मला एवढे निमित्त पुरे.