तात्पुरतं की कायमचं?

मंडळी, २०१८ च्या जुलैत क्रोमने प्रत्येक साध्या एचटीटीपी पत्त्यापुढे 'असुरक्षित' असा शेरा मारायला सुरुवात केली आणि इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळातल्या काकांचा फोन आला, "अरे, आपल्या साइटला काय रोग झालाय?"

रोग जुनाच होता. गणपतीच्या नावनोंदणीत लोक फोन नंबर, पासवर्ड भरत आणि ते पोस्टकार्डासारखं उघडं जाई. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट प्रमाणपत्र (२०१५ पासून मिळतं) बसवलं. उरलं एकच काम: ८० नंबरच्या दारावर आलेल्याला ४४३ च्या सुरक्षित दाराकडे धाडायचं. अपाचे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'रीडायरेक्ट'ची एक ओळ, बस्स!

गंमत पुढेच आहे. त्या ओळीत आकडा लिहिला नाही, तर सर्व्हर ३०२ धरतो, म्हणजे मुक्काम तात्पुरता हलवलाय. ३०१ म्हणजे कायमचा. ३०१ ब्राउजर लक्षात ठेवतो, त्यामुळे चूक झाली तर निस्तरताना नाकी नऊ येतात. म्हणून आधी ३०२ वर सगळी पानं तपासायची, मग ३०१ करायचं. मीही तसंच केलं.

रात्री फोनवर आईला हे रामायण सांगितलं. शांतपणे ऐकून ती म्हणाली, "आणि तुझं काय रे? तीनशे दोन की तीनशे एक?"

२००१ मध्ये 'दोन वर्षांसाठी' म्हणून आलो होतो. आकडा कुणी लिहिलाच नव्हता.

साइटचं ३०१ करून टाकलं. आईला मात्र अजून उत्तर दिलेलं नाही.