पानी म्हणणाऱ्यांच्या गावात

बाहेरून कोपरखैरण्यात आलेला माणूस मराठी शिकतो म्हणजे नेमकी कुठली मराठी शिकतो, हा प्रश्न मला पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये घालायचा होता. गाईड म्हणाले, "आधी टार्गेट लँग्वेज कुठली ते एका ओळीत लिहा, मग पुढचं बोलू." ती ओळ अजून लिहून झालेली नाही.

माझा विषय द्वितीय भाषा-संपादन. घरची भाषा पक्की झाल्यावर माणूस दुसरी भाषा कशी आत्मसात करतो, त्याचा अभ्यास. विषयाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे इंग्रजी ना?" त्याला दोष देता येत नाही. 1958 साली हैदराबादला जी केंद्रीय संस्था निघाली ती इंग्रजीची. एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या शाळांमध्ये केलेला आणि 'बंगलोर प्रकल्प' म्हणून जगभर गाजलेला प्रयोगही इंग्रजीचाच. मराठी हीसुद्धा कुणाला तरी मोठेपणी, पोटापाण्याच्या धबडग्यात शिकावी लागते, हे आपल्या विद्यापीठांच्या फार उशिरा ध्यानात आलं. आमच्या बाजारात ते रोजचंच आहे.

कोपरखैरणे, बोनकोडे, खैरणे ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, सेक्टर पडले. मुंबईतले घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडे सरकले तशी माथाडी कामगारांची घरं इथं उभी राहिली. सातारा, पाटण, जावळीकडची ही माणसं. पुढं बैठ्या घरांवर मजले चढले, वरच्या खोल्या भाड्यानं गेल्या, आणि त्या खोल्यांत जौनपूर, आझमगड, दरभंग्याकडची माणसं राहायला आली. त्यांच्या कानावर एकाच गल्लीत तीन मराठी पडतात. मासळीवाल्या मावशींची आगरी, माथाडी घरातल्या बायकांची घाटावरची, आणि शाळेची, टीव्हीची, बँकेतली. पुस्तकं सांगतात की शिकणाऱ्याला भरपूर भाषा कानावर पडली पाहिजे. ती कुणाच्या तोंडची पडते, हे मात्र आपलं आपण शोधायचं.

रविवारी आम्ही चौघं एका माथाडी वसाहतीतल्या वरच्या खोलीत जमतो. घर आमच्यातल्याच एकाचं, वडील बाजार समितीत हमाली करून निवृत्त झालेले. दुसरी मुलगी गावातली, आगरी. तिसरी वाशीची, घरी तामीळ बोलणारी, मराठी शाळेत आणि बिल्डिंगखाली शिकलेली. चौथी मी. चौघांचे विषय वेगळे, गाईड वेगळे, आणि बहुतेकांची कमाई तासिका तत्त्वावर. जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळालेल्यांना महिन्याला 37,000 रुपये मिळतात. आमच्यात तो मान कुणाचाच नाही. काम एकच करतो. एकमेकांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि शब्दन् शब्द उतरवून काढायचा. दहा मिनिटांचं बोलणं नीट उतरवायला अख्खी दुपार जाते. एकट्यानं केलं तर दुपार जातेच, शिवाय आपलेच कान आपल्याला फसवतात.

एकदा भाजीवाल्याचा एक तुकडा लावला होता. त्याची परवानगी घेऊन, गाडीवरच केलेलं मुद्रण. मागे रिक्षाचे हॉर्न. तो गिऱ्हाइकाला सांगतोय, "ताई, भेंडी सकाळचीच आहे. कोथिंबीर पन ताजी. पानी मारलेला नाय." वाशीच्या मैत्रिणीनं कागदावर तीन ठिकाणी तांबडी खूण केली. 'पन', 'पानी', 'मारलेला'. शेरा, हिंदीचा प्रभाव. आगरी मैत्रीण वाकून बघत होती. म्हणाली, "माझी आजी पानीच म्हनते. तिलापन तांबडी खून करशील?"

खोलीत हशा पिकला, पण प्रश्न गमतीचा नव्हता. आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'ल'. काळा तो काला, डोळा तो डोला. भाजीवाला घरी भोजपुरी बोलतो, आणि भोजपुरीतही 'ण' जवळपास नाहीच. हिंदी तो शाळेत शिकला आणि मुंबईची हिंदी धंद्यात. म्हणजे जिला आपण 'दुसरी भाषा' म्हणतो ती मराठी त्याच्या हिशेबानं तिसरी किंवा चौथी. मग हे 'पानी' त्यानं गावाकडून आणलं, की इथल्या मासळीवाल्या मावशींकडून उचललं? ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेलं 'प्रात' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. जीभ मागे वळली की 'ण'च्या आधीच्या स्वरातली अनुनादाची तिसरी पट्टी (फॉर्मंट) खाली झुकते, ती त्यात पडद्यावर डोळ्यांनी दिसते. भाजीवाल्याची झुकत नाही, एवढं प्रात सांगतं. का झुकत नाही, ते सांगत नाही.

'मारलेला'चं तसं नाही. पाणी हिंदीत पुल्लिंगी, मराठीत नपुंसकलिंगी, तेव्हा तिथं हिंदीचा हात स्पष्ट आहे. एकाच तुकड्यातल्या तीन खुणांपैकी एक टिकली, दोन पुसाव्या लागल्या. त्यावर यजमान मित्रानं आणखी एक भर टाकली. हाच भाजीवाला त्याच्या आईशी बोलताना 'व्हय' म्हणतो आणि त्याच्याशी 'हो' म्हणतो. आम्ही मागची मुद्रणं काढून पुन्हा ऐकली. खरंच होतं. ज्याच्या मराठीला आम्ही अर्धीकच्ची म्हणत होतो, त्याला समोरच्याचं गाव ओळखून मराठी बदलता येत होती. प्रमाण मराठीत वाढलेल्या मला ते येत नाही.

पिट कॉर्डर यांनी 1967 साली मांडलं की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात तयार होत असलेल्या नियमांचा पुरावा. 1972 साली लॅरी सेलिंकर यांनी त्या मधल्या अवस्थेला 'इंटरलँग्वेज' असं नाव दिलं. ती घरच्या भाषेसारखी नाही आणि शिकायच्या भाषेसारखीही नाही, पण तिला स्वतःची शिस्त असते. हे दोघंही आमच्या कोर्सवर्कमध्ये होते, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्नही आला. पण दोघांच्याही मांडणीत पलीकडचा काठ स्थिर आहे. शिकणारा एका ठरलेल्या भाषेकडे चालत निघालाय आणि अजून किती अंतर राहिलं ते मोजायचं. कोपरखैरण्यात तो काठच तीन ठिकाणी आहे.

महाराष्ट्रात हे आधी कुणी पाहिलंच नाही असं नाही. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास केला आणि 1971 साली तो प्रसिद्ध झाला. कुपवाडात मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगू पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत होत्या, आणि जो तो कामापुरती दुसऱ्याची भाषा बोलत होता. होता होता त्या भाषांची वाक्यं एका साच्यात बसू लागली. कानडीत माणूस सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी. ते वळण तिथल्या मराठीनं घेतलं आणि 'नदी आली'च्या जागी 'नदी आलं' झालं. हे वाक्य आज एखाद्या नवख्यानं आपल्यासमोर म्हटलं तर आपण हसू. कुपवाडात ते गावाचं व्याकरण होतं. उद्या कोपरखैरण्यातही 'पानी मारला' असंच रुळेल असं माझं म्हणणं नाही. शहरात शाळा आहे, टीव्ही आहे, माणसं खोल्या बदलतात. पण शिकणाऱ्यांची चूक आणि बोलणाऱ्यांची बोली यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

मला या वाटेवर सगळ्यात जवळच्या वाटतात त्या मॅक्सीन बर्नसन. 1961 साली अमेरिकेतून आधी हैदराबादला आल्या, मराठी शिकल्या, आणि पुढं फलटणला राहून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी पीएचडीचं काम केलं. विषय फलटणच्या बोलीतले भेद, 1973चा प्रबंध. म्हणजे स्वतः मोठेपणी मराठी शिकलेली विद्यार्थिनी, आणि तिनं पाहिलं काय, तर एका गावात किती तऱ्हेची मराठी आहे. शुद्ध मराठी कुठली, या प्रश्नात जन्मानं मराठी असलेले आपण वर्षानुवर्षं अडकून असतो. त्यांनी जे ऐकू आलं ते लिहून काढलं. जाई निंबकरांबरोबर त्यांनी केलेलं मराठीचं संदर्भ-व्याकरण 1975 सालचं आहे. मराठी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ते अजून उपयोगी पडतं. 1978 साली त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणच्या मुलांना वाचायला शिकवण्यात रमल्या. आमच्या वाशीच्या मैत्रिणीला मी नेहमी म्हणते, चौघांत या विषयाचा खरा अधिकार तुझा आहे. मराठीत 'ती खुर्ची', 'तो पलंग' आणि 'ते कपाट' का, याचा घोर आम्हाला कधी लागलाच नाही. तिनं तो घोर शाळेत असताना एकटीनं सोसलाय.

अलीकडचं उदाहरण कलिन्याचं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं डॉ. विभा सुराणा यांच्या पुढाकारानं, राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानं अमराठी प्रौढांसाठी 'मायमराठी' हा संच तयार केला. परकी भाषा शिकवायचं शास्त्र जर्मनच्या प्राध्यापकांकडं होतं, म्हणून मराठी शिकवायचं काम त्यांनी हाती घेतलं. याचा अभिमानही वाटतो आणि मराठी विभागांबद्दल थोडा रागही येतो.

थोडा नाही, बराच, आणि पहिलीपासूनच्या हिंदीच्या वादात तो जास्तच जाणवला. 16 एप्रिल 2025च्या शासन निर्णयानं पहिलीपासून हिंदी आली, 17 जूनला त्यात बदल झाला, 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या काळात दूरचित्रवाणीवर, नाक्यावर, आमच्या वसाहतीच्या पाण्याच्या टाकीखालीसुद्धा प्रत्येक जण लहान मुलं भाषा कशी शिकतात हे छातीठोकपणे सांगत होता. माझं मत विचाराल तर पहिलीत तिसरी भाषा नको. पण मत असणं आणि माहिती असणं वेगळं. 2020च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे मराठी घरात नसलेली किती तरी मुलं ती शाळेत शिकताहेत. त्यांना लिंग आधी जमतं की विभक्ती? 'मी गेलो' आणि 'मी केलं' यातला फरक कधी कळतो? इंग्रजीसाठी असे क्रम 1973-74 सालीच रॉजर ब्राउन आणि मग ड्यूले व बर्ट यांनी मांडले होते. मराठीच्या शिक्षकाच्या टेबलावर असा तक्ता मी पाहिलेला नाही. सक्ती आली, पुस्तक आलं, गुणपत्रिकेत श्रेणी आली; मूल नेमकं कुठं अडतं, ते शिक्षिकेनं आपल्या अनुभवावर ओळखायचं.

मोठ्यांची गत वेगळी. त्यांना कुणी अडूच देत नाही. आमच्या मुद्रणांत वारंवार सापडणारी गोष्ट अशी, की भाजीवाला मराठीत सुरुवात करतो आणि दुसऱ्याच वाक्याला आपण हिंदीवर जातो. 'पानी' ऐकलं की आपली जीभ वळते. हेच 'पानी' एखाद्या आगरी आजीनं म्हटलं असतं तर आपण मराठीतच राहिलो असतो. मग 'इतकी वर्षं राहून मराठी येत नाही' हे ऐकवायलाही आपणच पुढं.

हे सगळं चार जणांच्या खोलीत कळतं आणि तिथंच राहतं, हे मला खटकतं. विद्यापीठाला प्रबंध एकट्याचा लागतो, आणि ते रास्त आहे. पण पुराव्यानं एकट्याच्या कपाटात का राहावं? मुलांच्या बोलण्याच्या नोंदी सर्वांना वापरता याव्यात म्हणून ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी 1984 साली 'चाइल्ड्स' ही सामायिक पेढी सुरू केली. आज जगातला कुठलाही विद्यार्थी दुसऱ्यानं केलेली नोंद उघडून तपासू शकतो. आपल्याकडे 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंधाची पीडीएफ चढते. त्यामागची मुद्रणं सहसा विद्यार्थ्याच्या हार्ड डिस्कवर राहतात आणि डिस्क बिघडली की जातात. आगरी मैत्रीण त्या रविवारी आली नसती तर 'पानी' माझ्या वाशीच्या मैत्रिणीच्या प्रबंधात हिंदीच्या खाती जमा झालं असतं, आणि ते तपासायला कुणाकडे मूळ आवाज नसता.

म्हणून मराठी आणि भाषाविज्ञान विभागांना एवढंच सांगणं आहे. बोलणाऱ्याची संमती असेल तिथं त्याचं नाव-गाव काढून मुद्रणंही प्रबंधाबरोबर जमा करून घ्या आणि पुढच्या विद्यार्थ्याला ऐकू द्या. आमच्या चौघांच्या संमतिपत्रावर तशी ओळ आम्ही आधीच घातली आहे.