पहिली खेप

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा नकाशा उघडून पाहावा. साग, ऐन आणि बांबूच्या दाट रानातून दोन निळ्या रेघा खाली उतरताना दिसतात. एक सिवनीच्या मुलखातून येणारी वैनगंगा आणि दुसरी मुलताईच्या पठारावरून निघालेली वर्धा. चपराळ्याजवळ त्या एकमेकींना भेटतात. भेट झाली की दोघींचीही नावे संपतात आणि पुढे वाहू लागते ती प्राणहिता. शंभराहून थोडे अधिक किलोमीटर वाहिल्यावर सिरोंच्याजवळ तीही आपले नाव गोदावरीच्या ओटीत टाकते. या रानातल्या एखाद्या घाटावर पाण्यात सोडलेले पान, वाटेत कोठे अडकले नाही, तर बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकेल. समुद्र येथून शेकडो कोस दूर. तरीही या मुलखाला खलाशी होते, ते या वाटेमुळेच.

ही वाट व्यापारी लोकांनी फार पूर्वी ओळखली होती. अहेरीच्या रानातले सागाचे ओंडके पाण्यात सोडून थेट राजमहेंद्रीपर्यंत नेत असत. पुढे इंग्रज अमदानीत याहून मोठा बेत आखला गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या कापसाला एकाएकी मोल आले. तो समुद्रकाठी न्यावा कसा? धवळेश्वरमचा प्रसिद्ध बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन यांचे म्हणणे असे, की नदीसारखा स्वस्त रस्ता नाही. परंतु त्या रस्त्यात तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडसर होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. ते ओलांडण्यासाठी बंधारे आणि कालवे यांची कामे निघाली. सिरोंचा हे तेव्हा अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पण १८६७ साली आगगाडी नागपूरला येऊन पोहोचली आणि १८७१ साली नदीवरचे काम सोडून देण्यात आले.  लहान डोंगे मात्र पूर्वीसारखेच चालत राहिले, कारण आगगाडी जशी नागपूरला गेली तशी ती रानातल्या पाड्यांवर गेली नव्हती.

डोंगा म्हणजे मोठ्या झाडाचे एकच खोड कोरून केलेली नाव. माल जास्त असला म्हणजे दोन डोंगे शेजारी शेजारी बांधून त्यांवर बांबूचा ताट्या अंथरीत. अशा जोडीवर तीन माणसे लागत. मागे उभा राहणारा मोठा नावाडी. नाव वळवायची ती त्याने. पुढे दुसरा, त्याने हातातला लांब वेळू पाण्यात टाकून खोली सांगत जायचे. ‘कमरभर’, ‘छातीभर’, ‘पुरुषभर’ असे त्याचे शब्द कानी पडले, की मागचा न बघता नाव फिरवी. तिसरा बहुधा पोरसवदा असे. त्याने डब्याने डोंग्यातले पाणी उपसायचे, दोरी बांधायची, चूल पेटवायची आणि सर्वांची बोलणी खायची. त्याला मजुरीचा वाटाही अर्धाच मिळे.

१९६४ साली जुन्या चांदा जिल्ह्याचे नाव चंद्रपूर झाले. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा व्हायला अजून अठरा वर्षे होती. त्या सुमाराचा, डोंग्यावर पाणी उपसणारा एक बारा-तेरा वर्षांचा ढिवराचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; अशी मुले प्रत्येक घाटावर होती. घरात तो मराठी बोले, पलीकडच्या काठावर तेलुगू आणि खालच्या पाड्यांवर मोडकीतोडकी माडिया. शाळा त्याने दोन पावसाळे पाहिली होती. मोठा नावाडी हा नात्याने त्याचा चुलता. त्याला तो मोठेबाबा म्हणे. मोठेबाबा फारसे शिकवीत नसत. पोराने विचारलेच, तर म्हणत, “पाण्याकडे पाहा.”

पोर पाहत असे. पाणी जेथे काचेसारखे सपाट होऊन किंचित फुगते, तेथे खाली खडक असतो. जेथे ते खळखळते, तेथे खोली नसते. आणि जेथे ते मुकाट्याने गोल फिरते, तेथून दूर राहावे, हे त्याला कळू लागले होते. सगळ्यांत अवघड गोष्ट निराळीच होती. माथ्यावर आभाळ निरभ्र असते, आसपास थेंब पडलेला नसतो, आणि तरी पूर येतो! पाऊस पडलेला असतो तो दूर सिवनी-बालाघाटकडे, काही दिवसांपूर्वी. आज वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडायचे असले, की नदीकाठच्या गावांना आधी सूचना जाते. त्या काळी सूचना द्यायची ती नदीनेच, आणि ती ज्याला वाचता येईल त्यालाच मिळायची.

मृग लागून दोन दिवस झाले होते. पावसाळ्यापूर्वीची शेवटची खेप निघाली. ताट्यांवर मिठाची पोती, थोडे कापड, तेलाचे डबे आणि त्या मालाचा मालक शेठ. खालच्या ज्या पाड्यांवर जायचे होते, तेथे रस्ता नव्हता. ही खेप पोहोचली नाही, तर पुढचे चार महिने तेथली माणसे अळणी खाणार होती. आणि एक अडचण अशी, की पुढची काठी धरणारा गडी त्या दिवशी तापाने पडला होता. मोठेबाबांनी पोराच्या हातात वेळू दिला आणि पाणी उपसायला शेठच्या नोकराला बसविले.

दुपारपर्यंत सगळे नीट चालले. खडकाळ टप्पा अर्ध्या कोसावर राहिला असेल, तेव्हा पोराला पाण्यावर फेसाचे लहान लहान पुंजके दिसले. त्यांच्यामागून वाळक्या काटक्या आल्या आणि काळी पडलेली पाने. ही पाने काठावरची नव्हती. कोठल्या तरी नाल्यात वर्षभर साचलेला तो पालापाचोळा होता. पोराने वेळू टाकला. सकाळपासून येथवर पाणी एका रंगाचे होते. आता वेळूच्या ओल्या टोकाला गढूळ चिखल लागला होता.

“मोठेबाबा, पाणी चढतंय,” तो म्हणाला.

शेठने वर पाहिले. आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. “पोराच्या बोलण्यावर नाव थांबवणार काय? चला पुढे,” तो म्हणाला.

असल्या वेळी गप्प बसणे सोपे असते. शब्द फुकट गेला तर हसे होते, खेप बुडते, आणि पुन्हा कोणी पुढची काठी हातात देत नाही. पोराला हे कळत नव्हते असे नाही. त्याने पुन्हा तेच वाक्य उच्चारले, या वेळी जरा मोठ्याने. मोठेबाबांनी नाव काठाला घेतली, एक काटकी पाण्याच्या कडेला रोवली आणि विडी पेटविली. विडी संपेपर्यंत काटकी दोन बोटे बुडाली होती. नाव अर्जुनाच्या झाडाला बांधण्यात आली. पोती उतरवून उंचवट्यावर नेली. शेठ त्या रात्री कोणाशी बोलला नाही.

रात्री पाणी चढले, हे खरे. ओंडके एकमेकांवर आपटल्याचे आवाज येत राहिले. पण ते अक्राळविक्राळ रूप काही नदीने धरले नाही; पहाटे पाणी थबकले आणि दिवस वर येईपर्यंत उतरू लागले. “काल संध्याकाळीच टप्पा पार झाला असता,” शेठ म्हणाला. झाला असता का? कदाचित झालाही असता. न घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार कोण आणणार? पोर खाली मान घालून दोरी सोडू लागला. तेव्हा मोठेबाबा चालत नावेच्या पुढच्या टोकाला गेले, त्यांनी तेथला वेळू उचलला आणि ते पाठमोरे उभे राहिले. मागची जागा रिकामी होती. पोराला ते समजायला थोडा वेळ लागला.

टप्प्यात शिरल्यावर पाण्याचा आवाज इतका वाढला, की मोठेबाबांचे शब्द पुसट ऐकू येत. ‘छातीभर... छातीभर... कमरभर!’ डावीकडे पाणी फुगलेले दिसत होते. पोराने सारे अंग काठीवर टाकले. जोडनाव तिरकी झाली, खडकाला उजव्या डोंग्याची कड घासली, एक लाट ताट्यांवरून गेली आणि पुढच्या क्षणी नाव संथ पाण्यात होती. खालच्या थरातली तीन पोती भिजली. मोठेबाबांनी मागे वळून पाहिले नाही.

घाटावर बाया टोपल्या घेऊन कालपासून बसल्या होत्या. टोपल्यांत मोहफुले आणि चारोळी. व्यवहार पैशाचा नव्हता; मापाला माप. चारोळीची एक पायली घालावी आणि मिठाची एक पायली घ्यावी. चारोळी गोळा करायला उन्हाळाभर रानात हिंडावे लागते, ती फोडून दाणे काढावे लागतात, आणि शहरात तिला कसा भाव येतो हे त्या बायांना ठाऊक नव्हते. रानातला माल रास्त भावाने खरेदी करावा म्हणून आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले ते १९७२ साली. तोवर, आणि काही ठिकाणी नंतरही, अशीच मापे चालली.

पोराने ही देवघेव अनेकदा पाहिली होती; पण तेव्हा त्याची नजर डोंग्यातल्या पाण्यावर असे. आज त्याचे हात रिकामे होते. त्याला दिसले, की शेठ चारोळीची पायली शीग लावून घेतो आणि मिठाची पायली काठावरून हात फिरवून सपाट करून देतो. त्याने हळूच मोठेबाबांना विचारले. ते म्हणाले, “माल त्याचा, माप त्याचे. आपण बोललो तर पुढच्या खेपेला दुसरी नाव येईल.” यात खोटे काहीच नव्हते. घरी खाणारी तोंडे सात होती.

संध्याकाळी शेठने मजुरी मोजली. मोठेबाबांनी ती वाटली आणि पोराच्या हातावर पहिल्यांदाच पूर्ण वाटा ठेवला. घरातले मीठ संपल्याचे आईने निघताना सांगितले होते; तेव्हा जवळ पैसा नव्हता. पोर पैसे घेऊन शेठपुढे जाऊन उभा राहिला. शेठने पायली पोत्यात बुडविली, वर काढली आणि सवयीने तिच्या काठावरून हात फिरवायला उचलला.

“शीग लावा, शेठजी,” पोर म्हणाला.

शेठने मोठेबाबांकडे पाहिले. ते वाकून डोंग्याची दोरी तपाशीत होते. क्षणभर कोणी बोलले नाही. मग शेठने मूठभर मीठ घेतले आणि पायलीवर टाकले. आणखी एक मूठ टाकली. मागे उभ्या असलेल्या बायांना मराठी येत नव्हते. पण त्यांतली एक म्हातारी बराच वेळ त्या पायलीकडे बघत राहिली, आणि मग तिने आपली चारोळीची टोपली पुढे सरकवून पायलीच्या काठावर बोट ठेवले.