वडिलांची लॉरी

आमच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या वेदपठण चालत आलें. तें सोडून लॉरी हाकणारे पहिले पुरुष म्हणजे माझे तीर्थरूप. १९४६ सालची शेव्हरोले त्यांनीं जुनी म्हणून घेतली होती. अशा गाड्यांची जुळणी मुंबईस शिवडीच्या कारखान्यांत १९२८ पासून होत असे. १९५४ मध्यें ती बंद पडली. कोल्हापुराहून गूळ भरून आंबा घाटानें रत्नागिरीस उतरावें व येतांना आंब्याच्या पेट्या आणाव्या, हा त्यांचा क्रम. विहिरीवर स्नान केल्यावांचून आजोबा त्यांस ओटीवर पाऊल ठेवूं देत नसत.

१९६८ सालीं मी चौथींत असतांना ते माझा विसरलेला डबा घेऊन शाळेच्या दारांत आले. अंगावर खाकी कपडे, हात तेलानें काळे. "कोण रे हे?" गुरुजींनीं विचारलें. "आमच्याकडचा गडी," मीं उत्तर दिलें. वडिलांनीं तें ऐकलें. डबा उंबऱ्यावर ठेवून ते निघून गेले. त्या गोष्टीचा त्यांनीं मरेपर्यंत उच्चार केला नाहीं. मीही केला नाहीं.

पुढें लॉरी परसांत चिंचेखालीं उभी राहिली. भंगारांत द्यावी, हें माझेंच मत होतें. परंतु गेल्या वर्षीं पुतण्यानें ती चालती करण्याचा हट्ट धरला व उद्यमनगरांतून एका वृद्ध मिस्त्रींस घेऊन आला.

इंजिन सहा नळकांड्यांचें, २१६ घनइंची. त्यांतील प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या तळाशीं एक चिमुकली पळी असते. फिरतां फिरतां ती खालच्या पन्हाळींतलें तेल उचलून बेअरिंगास पोंचविते. मला संध्येच्या पळीची आठवण झाली. तसें म्हणतांच मिस्त्री म्हणाले, "मास्तर, ही पळी चुकली तर आचमन नाही, थेट श्राद्धच!"

बेअरिंग म्हणजे रॉडमध्येंच ओतलेलें व्हाइट मेटल; कथील, अँटिमनी व तांबें यांचा मऊ मिश्रधातु. तो झिजला कीं टोपणाखालची एक पातळ पत्री काढून सैलपणा घालवावयाचा. आमच्या इंजिनांत जवळजवळ सर्व पत्र्या निघून गेल्या होत्या. तितक्या वेळां वडील त्या गाडीखालीं उताणे पडले असले पाहिजेत, आणि आम्हीं घरांत कधीं विचारलेंही नाहीं.

टोपण ज्या रॉडचें त्यालाच, त्याच बाजूनें बसलें पाहिजे; म्हणून खुणा करितात. रॉकेलनें काजळी धुतली तों टोपणांवर पंचानें ठिपके ठोकून काढलेले आंकडे उमटले: १, २, ३, ४, ५, ६. पांचाचें पोट थेट वडिलांच्या हातचें. पाटीवर मला तेच आंकडे त्यांनीं गिरवून दिले होते. मी उठून कांहीं वेळ अंगणांत जाऊन उभा राहिलों.

नवें मेटल ओतून लेथवर कापून घेतलें. आंकड्यांस मात्र कानस लागूं दिली नाहीं. रिंगा, व्हाल्व, गॅस्केटें यांची कथा सांगून वाचकांस कंटाळा आणीत नाहीं. पैसा पुष्कळ गेला. ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा. तो मीं सूत्राप्रमाणें पाठ केला, हाच काय तो माझा हातभार.

गिअरबॉक्स चार वेगांची, सिंक्रोमेश नसलेली. क्लच दाबून गिअर मोकळा करावा, पाय उचलावा, पुन्हां दाबावा, तेव्हां दांते जुळतात. घाईनें रेटल्यास कडा फुटतात. मिस्त्रींनीं एक चाक उजेडांत धरून बराच वेळ निरखलें.

"घाटातली गाडी, आणि कडा अशा शाबूत! कोण चालवायचं ही?"

"माझे वडील," मीं म्हटलें.

बेअरिंगें व सीलें तेवढीं बदलून पेटी बंद केली.

इंजिन सुरू झालें त्या दिवशीं पुतण्यानें मैदानांत मजला चाकाशीं बसविलें. दुसरा गिअर टाकतांना असा कर्कश आवाज झाला कीं कावळे उडाले.

"पाय दोनदा, मास्तर!" मिस्त्री खालून ओरडले.

तिसऱ्या खेपेस तो मुकाट्यानें पडला.