आधी खांद्याला लावून बघ

साखरा, ता. सेनगाव
१२ फेब्रुवारी

प्रिय छोटे,


हळदीचा पाला कापायला ग्रास कटर घेणार म्हणालीस. घे. ऐन कापणीत बाया मिळत नाहीत, आणि विळ्यानं एकरभर कापताना कंबर धरते. पण दुकानात बघून पैसे देऊ नकोस. मी दिले होते.

दुकानदारानं मशीन टेबलावर ठेवून दोरी ओढली. एका झटक्यात सुरू झालं, मी भुलले. रानात आणल्यावर कळलं, पट्टा पार आवळला तरी मला ढिलाच. पातं खाली लोंबायचं. बेडवरचे दोन गड्डे सोलले. दुसऱ्या दिवशी भाकरीचं पीठ मळताना मूठ वळेना, बोटांत रात्रभर मुंग्या होत्या.

आई बाजारात विळा कसा घ्यायची आठवतं? मूठ धरायची, हवेत दोन-तीनदा फिरवायची, मनगटाला जड वाटला की ठेवून दुसरा उचलायची. पन्नास रुपयांच्या विळ्याला एवढं, मग हजारोंच्या मशीनला का नको?

म्हणून एक दिवस कुणाचं तरी भाड्यानं आण. ठिबकच्या नळ्या आधी गोळा कर, नाहीतर पात्यात गुंततील. पट्टा लावून दोन्ही हात सोड. पातं जमिनीजवळ सपाट लटकलं पाहिजे, टोक मातीत जाता कामा नये. रेसचा खटका मूठ न सोडता बोटाला पोचतो का बघ. रेस सोडल्यावर पातं फिरायचं थांबलं पाहिजे, हे फार महत्त्वाचं. मग टाकी संपेपर्यंत काप. पाच मिनिटांत कुठलंही मशीन हलकंच वाटतं. तापल्यावर बंद करून लगेच दोरी ओढ. तेव्हा तुझ्या ताकदीनं सुरू झालं तरच ते तुझं.

टू-स्ट्रोकला पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, प्रमाण त्याच्या पुस्तकात असतं. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं, आवाजही कमी, पण वजनाला बहुधा थोडं जास्त. मला आवाजापेक्षा वजन सोसत नाही, म्हणून दुसऱ्यांदा हलकं टू-स्ट्रोक घेतलं, गोल मुठीचं. बेडच्या सरीत चालताना सायकलसारखं रुंद हँडल आजूबाजूच्या पाल्यात अडकतं. तुझं रान सपाट आहे, तुला कदाचित तेच बरं पडेल. ते तुझे खांदे सांगतील, मी नाही.

पातं वरून बघितलं तर डावीकडे फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे काप. पात्याची उजवी पुढची बाजू दगडाला लागली तर मशीन अंगावर उसळतं. पोरांना पन्नास फुटांच्या आत येऊ देऊ नकोस.

शनिवारी ये. माझं मशीन तुझ्या खांद्याला लावून बघू. पेट्रोल सकाळी ताजं मिसळून ठेवते. चप्पल नको, बूट घालून ये, आणि डोळ्यांना चष्मा आण.

तुझी,
ताई