लॅपटॉप ‘गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

आमच्या जिल्ह्यात घाटावर जा किंवा घाटाखाली, मोहल्ल्यातून चालताना शिलाई मशीनचा आवाज हमखास कानी पडतो. कित्येक घरांतली मशीन सासूकडून सुनेकडे आलेली असते. तिचा पट्टा तुटला तर कोणी मशीन भंगारात घालत नाही, पट्टा बदलतात. टाके सुटू लागले की बॉबिन केस काढून त्यात अडकलेला धागा आणि कापसाचा भुगा साफ करतात, दोन थेंब तेल सोडतात. घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते की पूर्ण मशीन बिघडत नसते, तिचा एखादा भाग बिघडत असतो.

लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. तो हळू चालू लागला, तापू लागला, मध्येच बंद पडू लागला की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘लॅपटॉप गेला.’ कोणता भाग गेला, हे कोणी विचारत नाही.

आमच्या घरातला लॅपटॉप २०१४ साली घेतलेला. कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. शाळेची ऑनलाइन माहिती भरणे, उर्दू आणि मराठी प्रश्नपत्रिका तयार करणे, मुलांचे फॉर्म भरणे ही सगळी कामे त्याने अकरा वर्षे केली. गेल्या उन्हाळ्यात त्याची अवस्था अशी झाली की सुरू व्हायला सहा-सात मिनिटे लागत, दुपारी काम करताना तो आपोआप बंद पडे आणि प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तारीख भलतीच दाखवी. मुलीचा बीसीएला प्रवेश ठरला होता. तिला संगणक लागणारच होता.

एका दुकानात दाखवला. दुकानदाराने तो उघडलाही नाही. म्हणाला, ‘मदरबोर्ड जातोय. यात पैसे घालू नका. नवीन घ्या, याचे तीन हजार वळते करतो.’ नवीन म्हणजे चाळीस हजारांच्या पुढे. अंशतः अनुदानित शाळेतल्या शिक्षकाच्या घरात चाळीस हजार म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय त्या डिस्कमध्ये आमच्या अब्बांचा आवाज होता. इंतेकालाच्या आधीच्या वर्षी त्यांनी आपल्या बालपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या आम्ही रेकॉर्ड करून लॅपटॉपमध्ये ठेवल्या होत्या. तीन हजारांत तेही गेले असते.

आम्ही लॅपटॉप घरी परत आणला आणि मुलीसोबत बसून आधी तक्रारी कागदावर वेगवेगळ्या लिहिल्या. हळू चालणे, तापून बंद पडणे, तारीख विसरणे. तिन्ही तक्रारींची मुळे तीन वेगळ्या भागांत निघाली आणि त्यांतला एकही भाग मदरबोर्डाइतका महाग नव्हता.

तारखेची तक्रार सर्वांत सोपी. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. बहुतेक यंत्रांत तो ‘सीआर २०३२’ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा आणि ३ व्होल्टचा. लॅपटॉप बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की यंत्र तारीख विसरते. तारीख चुकली की इंटरनेटवरील अनेक पाने सुरक्षेच्या कारणाने उघडत नाहीत आणि आपल्याला वाटते इंटरनेटच बिघडले. सगळा घोळ तीस रुपयांच्या सेलचा.

हळू चालण्याचे कारण हार्ड डिस्क. जुन्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारख्या चकत्या असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्कच्या चकत्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात आणि एक बारीक हात त्यांच्यावर पुढे-मागे सरकून माहिती वाचतो. वर्षानुवर्षे फिरून ही यंत्रणा झिजते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदही ठेवते. कोणते भाग खराब झाल्याने बाजूला टाकले, एकूण किती तास चालली, हे ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. आमच्या डिस्कपुढे पिवळ्या रंगात सावधानतेची खूण होती. मदरबोर्ड नव्हे, डिस्क थकली होती. म्हणून कोणताही स्क्रू काढण्याआधी आम्ही अब्बांचे रेकॉर्डिंग, फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढली. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी मलकापूरला बहिणीच्या घरी. एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत कधीही हातातून जाऊ शकते.

आता तापण्याविषयी. प्रोसेसर काम करताना तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलून ती बाहेर टाकतो. पंखा गारवा निर्माण करत नाही, खोलीतलीच हवा वापरतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव भागात मे महिन्यात पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. तीच तापलेली हवा पंख्याच्या वाट्याला येते. त्यात जाळी तुंबलेली असेल तर उष्णता जाणार कुठे? प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसजवळ पोहोचला की आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र स्वतःला बंद करून घेते. आपल्याला तो बिघाड वाटतो. खरे तर यंत्राने स्वतःचा जीव वाचवलेला असतो.

अनेक कंपन्यांची दुरुस्ती-पुस्तिका इंटरनेटवर मोफत मिळते. मॉडेलचा क्रमांक लॅपटॉपच्या पोटाखाली छापलेला असतो. आम्ही आमच्या मॉडेलची पुस्तिका आधी पूर्ण वाचली. मग चार्जर काढला, बॅटरी काढली आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते, म्हणून गालिचावर न बसता लाकडी टेबलावर काम केले आणि आत हात घालण्यापूर्वी दर वेळी खिडकीच्या लोखंडी गजाला स्पर्श केला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो खालचा भाग फोडू शकतो. मुलीने अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणला, प्रत्येक खाचेवर आकडा टाकला आणि कागदावर नकाशा काढला. मोबाइलने प्रत्येक टप्प्याचा फोटोही घेतला.

पंखा बाहेर काढला तेव्हा त्याच्या आणि जाळीच्या मध्ये धूळ आणि कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता. अकरा वर्षांचा उन्हाळा तिथे जमा झाला होता. मऊ ब्रशने तो काढला. झटकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, भसाभस फिरू देऊ नये. प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. आमची पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने ती पुसली आणि मसुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. पट्टीचे स्क्रू तिच्यावर छापलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारे काहीच नसते, माहिती चिपमध्ये राहते. २.५ इंची सॅटा एसएसडी जुन्या डिस्कच्या खणात जशीच्या तशी बसते. रॅमसाठी एक खाच रिकामी होती. रॅम घेताना मात्र प्रकार नीट पाहावा. डीडीआर-थ्री, डीडीआर-थ्री-एल आणि डीडीआर-फोर हे प्रकार वेगळे आहेत, डीडीआर-फोरची पट्टी जुन्या खाचेत बसतच नाही. आमच्या यंत्राला १.३५ व्होल्टवर चालणारी ‘थ्री-एल’ लागत होती.

आमचा हिशेब असा झाला : एसएसडी १,८०० रुपये, रॅम ९००, पेस्ट १५०, सेल ३० आणि जुनी डिस्क बाहेरून जोडण्याचे केसिंग ३००. एकूण ३,१८० रुपये. दर वर-खाली होतात, पण चाळीस हजार आणि तीन हजार यांतले अंतर वाचकांच्या लक्षात येईल. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

सर्वच कामे घरी करण्याची नसतात, हेही सांगितले पाहिजे. चार्जरची पिन जिथे बसते तो जॅक आमच्याकडे सैल झाला होता. त्याला डागकाम लागते. ते आम्ही खामगावच्या एका कारागिराकडून करून घेतले. भिंगाखाली केसाएवढ्या तारा जोडणारे ते हात पाहिले की मजुरीवरून घासाघीस करावीशी वाटत नाही. फुगलेल्या बॅटरीला तर कोणीही दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. ती काढून सुरक्षितपणे ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. देशात ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकली आहे. घंटागाडीत बॅटरी टाकणे म्हणजे कचरा वेचणाऱ्याच्या हातात निखारा देणे होय.

दुकानात लॅपटॉप देताना आमच्या घरात आता चार गोष्टी ठरल्या आहेत. शक्य असेल तर हार्ड डिस्क काढून घेऊनच यंत्र द्यायचे. घरातले फोटो, विशेषतः लेकी-सुनांचे, ही घराची अमानत आहे. ती परक्या टेबलावर का राहावी? कोणता भाग बिघडला, हे नाव घेऊन विचारायचे. बदललेला जुना भाग परत मागायचा. आणि बिलावर भागाचे नाव लिहून घ्यायचे. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही, उलट उत्साहाने दाखवतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचे संकेतस्थळ सुरू केले. आपली वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकाचा हक्क आता सरकारदरबारीही बोलला जाऊ लागला आहे.

आणखी एक अडचण होती. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. पण यासाठीही यंत्र भंगारात घालण्याची गरज नाही. आम्ही लिनक्स मिंट टाकले. ते मोफत आहे. त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही युनिकोडमध्ये लिहिता येतात, नस्तालीक लिपीचा फॉन्टही मोफत मिळतो. उर्दू शाळांतील सहकाऱ्यांना एक सूचना : इनपेजमध्ये केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर विंडोज काढण्याआधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि पीडीएफही करून ठेवा. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायलींचेही तेच. यंत्र वाचले आणि मजकूर वाचता येईना, असे होऊ नये.

बॅटरी अजून बदललेली नाही. ती पुढच्या पगारातून घेऊ, इन्शाअल्लाह. तोवर मुलगी घरी चार्जर लावून अभ्यास करते आणि रात्री कधीतरी अब्बांचे रेकॉर्डिंग लावते. तिला आजोबांचा चेहरा आठवतो, आवाज मात्र ती विसरत चालली होती.

इस्राफ म्हटले की आपल्याला दावतीत उरलेले अन्न आणि वाहता नळ आठवतो. एका सेलसाठी, मूठभर धुळीसाठी पूर्ण यंत्र टाकून देणे हाही इस्राफच. आणि तो बहुधा श्रीमंतीतून होत नाही, माहिती नसल्यामुळे होतो. ही माहिती मात्र कोणाच्याही आवाक्यातली आहे. दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही तो लॅपटॉप आठवीच्या वर्गात नेऊन उघडून दाखवला. तांब्याची नळी आणि पत्र्यांची जाळी दिसताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून पुढे आला. शाळा सुटल्यावर तो वडिलांच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात बसतो. गणितात तो क्वचितच तोंड उघडतो. जाळीवर बोट ठेवून तो म्हणाला, ‘सर, ये तो रेडिएटर है!’ मग उरलेला तास त्यानेच शिकवला. उष्णता कुठून येते, कुठे जाते, जाळी तुंबली की इंजिन का तापते. वर्ग ऐकत होता, आम्हीही.