युरोपावरचे जीव आरेखाली सापडू देत

चि. मैत्रेयीस,


तुझी कथा दोनदा वाचली. गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखालच्या समुद्रात जीव सापडतात आणि ते एकमेकांशी फक्त उष्णतेच्या चढउतारांतून बोलतात, ही कल्पना सुंदर आहे. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहिल्या, त्या अनुभवावर सांगते. पण कथेखाली तू लिहिलंस, "मावशी, मी इंग्रजी माध्यमातली. मराठीत विज्ञानकथा आपल्याला जमायची नाही. हा पहिला आणि शेवटचा प्रयत्न." ती ओळ मला लागली. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते छापायला देते आहे. तुझ्यासारखं मनात बोलून गप्प बसणारी मुलं आपल्या गोरेगावातच कितीतरी असतील.

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकरांचीही शाळा मराठी नव्हती. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मराठी घरापुरती, शाळा हिंदीत, पुढचं सगळं आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग केंब्रिजमध्ये, इंग्रजीत. तिथे फ्रेड हॉयल हे त्यांचे गुरू. १९६४ मध्ये गुरू-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला आणि १९६५ साली, वयाची तिशीही आली नव्हती तेव्हा, त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७२ मध्ये ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत रटाळ व्याख्यान चालू असताना त्यांनी मिळालेल्या कागदांवर कथा लिहायला घेतली. तिचं नाव 'कृष्णविवर'. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' असं टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

बक्षिसापेक्षा मला त्या टोपणनावाचं मोल जास्त वाटतं. ज्यांची कथा कोणत्याही संपादकाने नावावर छापली असती, ते नवख्या लेखकांच्या रांगेत उभे राहिले. आपली मराठी कथा निव्वळ कथा म्हणून उभी राहते का, हे त्यांना प्रामाणिकपणे जाणून घ्यायचं होतं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेचं कौतुक केलं. आणि २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष स्वतः नारळीकर होते, जरी प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. २० मे २०२५ ला ते गेले. त्या दिवशी मी त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह पुन्हा काढून बसले होते.

आता तुझ्या कथेकडे येते. तुझ्या कथेतला कॅप्टन रायन, त्याचं ह्यूस्टनमधलं घर, त्याची बायको, यातलं तू काहीच पाहिलेलं नाहीस. ते तू सिनेमातून घेतलंस. म्हणून युरोपाच्या समुद्राचं वर्णन जिवंत झालंय आणि माणसं मात्र पुठ्ठ्याची. नारळीकरांनी 'हिमप्रलय'मध्ये बर्फ पाडलं ते मुंबईवर! ज्या शहराच्या पेटीत स्वेटरसुद्धा नसतो, तिथे बर्फ पडलं की काय होईल, हे वाचणाऱ्याच्या अंगावर येतं. 'गंगाधरपंतांचे पानिपत' तर मी वर्गात किती वेळा वाचून दाखवलं असेल! पानिपतावरच्या आपल्या भाषणाच्या विचारात चाललेल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला ट्रकची धडक बसते आणि तो वेगळ्याच इतिहासात जाऊन पडतो. पुण्याहून मुंबईला येतो तर ईस्ट इंडिया कंपनी अजून धंदा करते आहे. तो गोंधळतो, पण हाडाचा अभ्यासक असल्यामुळे सरळ टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकं उघडतो. इतिहास नेमका कुठे फुटला ते त्याला बखरीत सापडतं. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली, एवढाच फरक, आणि त्यातून आख्खा देश बदलला. हा धक्का मराठी वाचकालाच पूर्ण बसतो, कारण पानिपतची जखम त्याच्या घरातली आहे. नारळीकरांनी ती जखम आणि त्या वेगळ्या इतिहासाचा खुलासा करणारा पुंज (क्वांटम) सिद्धांत एका कथेत आणले. तसं ह्यूस्टनमध्ये राहून लिहिणाऱ्याला सुचणार नाही.

दुसरी गोष्ट शिस्तीची. विज्ञानकथेत एक गोष्ट बदलायची मुभा असते. बाकी सगळं त्या बदलाशी प्रामाणिक राहायला हवं. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये माणूस आरशातल्यासारखा उलटा होतो, गणपतीची सोंडही उजवीकडे वळते. तू तिथून पुढे विचार कर. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या वळणाच्या अमिनो आम्लांची आणि पचणारी साखर उजव्या वळणाची. उलट्या वळणाचं ग्लुकोज गोड लागतं, पण शरीर ते वापरू शकत नाही. मग त्या उलटलेल्या माणसाला आईने पुरणपोळी वाढली तर? गोड लागेल, अंगी लागणार नाही. भरल्या ताटावर उपाशी राहणारा मुलगा आणि त्याला वाढत राहणारी आई, ही एक स्वतंत्र कथा आहे, आणि ती रसायनशास्त्रानेच तुझ्या हातात दिली. तुझ्या कथेत ते जीव उष्णतेने बोलतात, पण रायनच्या दिव्याची, त्याच्या अंगाची ऊब त्यांना 'ऐकू' येत नाही. का? त्यांच्या दृष्टीने तो आल्या क्षणापासून ओरडत असायला हवा! हे सुटलंय, आणि कथेचा गाभा तिथेच आहे.

वाचनाबद्दल विचारलंस. नारळीकरांपाशी थांबू नकोस. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्रज्ञ होते, त्यांच्या कथांत प्रयोगशाळेचा वास येतो. लक्ष्मण लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाईन' वाच. सुबोध जावडेकर वाच, मेंदू आणि माणूसपण यांच्यावर मराठीत इतक्या नेटाने लिहिणारे थोडे. शुभदा गोगटेंची 'यंत्रायणी' वाच आणि लागलीच 'खंडाळ्याच्या घाटासाठी' घे. दुसरी कादंबरी ऐतिहासिक आहे, रेल्वे घाटात कशी चढली त्याची, पण यंत्र आणि माणूस यांचं नातं कसं लिहावं ते तिथे शिकायला मिळेल. निरंजन घाटे, मेघश्री दळवी आहेतच. शिवाय विज्ञानकथेबाहेरचं वाच: बखरी, भूगर्भशास्त्र, पालिकेचे अहवालसुद्धा. मी माझं बहुतेक वाचन गोरेगाव-चर्चगेट लोकलमध्ये केलं, तू आता राहतेस त्या बंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये कर.

विज्ञानकथाकार टेड चियांग तुला आवडतो ना? तो तांत्रिक दस्तऐवज लिहिण्याची नोकरी करत आला. पहिला कथासंग्रह २००२ चा, दुसरा २०१९ चा. मधली सतरा वर्षं वाया गेली असं त्याची कथा वाचणारा कुणी म्हणणार नाही. तेव्हा महिन्याला एक कथा झाली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस.

आणि आता गोरेगाव. तू शाळेत असताना आरेच्या जंगलातल्या ज्या रस्त्यावर सायकल चालवलीस, तिथून ओशिवरा नदी निघते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ती नदी कुठून कुठवर गेली, ते तुझ्या आईला विचार. तिथे वारली पाडे आहेत, बिबटे आहेत, चित्रनगरी आहे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडायला सुरुवात झाली आणि पोरं रस्त्यावर उतरली. आज आरेपासून भुयारी मेट्रो धावते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जायचे आहेत. पलीकडे अंधेरीचा गिल्बर्ट हिल सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्या सगळ्यांची घरं त्याच बेसॉल्टवर उभी आहेत.

खडकाच्या पोटात सूक्ष्मजीव जगतात, हे आता माहीत आहे. कोयनेच्या भूकंपक्षेत्रात ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तिथल्या खडकांतल्या सूक्ष्मजीवांवरही संशोधन झालं आहे. मग तुझे उष्णतेने बोलणारे जीव युरोपावर कशाला हवेत? ते बोगद्याच्या वाटेवर असू देत. खोदणारं यंत्र तापतं आणि खालून उत्तर येतं. ते उत्तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल? इंजिनिअरच्या, की वर पाड्यावर अनवाणी चालणाऱ्या म्हातारीच्या, जिच्या पायाखालची जमीन एका रात्री उबदार लागते? मला ती म्हातारी दिसते आहे. तिची भाषा तुला येते. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी पाड्यावरच्याच होत्या, त्यांच्या मांडीवर तू वाढलीस.

तुझ्या मराठीत इंग्रजी शब्द येतात, येऊ देत. बोगद्यावरचा इंजिनिअर तसंच बोलतो. व्याकरण मी पाहीन. कथा मात्र तूच लिहायची, मराठीतच. दिवाळी अंकांचे संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवायला लागतात. पहिला खर्डा मला जूनअखेर पाठव.

तुझी,
मावशी
गोरेगाव (पश्चिम)